झाड नसलेल्या जागी

या मननाला डोळे मिटायचे नाहीत. आसन नको, उदबत्ती नको. पौषातली सकाळ, लागलेली ओहोटी आणि पेणच्या खारेपाटात खाडीचं पाणी थोपवणाऱ्या एखाद्या बाहेरकाठ्यावर बूड टेकण्यापुरती कोरडी जागा, एवढ्यावर भागतं. पेण आडवळणाचं होत असेल तर रोह्याहून कुंडलिकेच्या खाडीकडे उतरा. चिखल दोन्हीकडे सारखाच. ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण जुना हिशोब तोंडी करता येतो: तिथीची पाऊणपट केली की ढोबळ मानाने भरतीची वेळ निघते. चतुर्थीला म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊच्या आगेमागे पाणी तळाला. गणपतीच्या गावी जायचं तर तिथीही शोभून दिसते. निघताना मसाल्याच्या डब्यातली दगडफुलाची एक पाकळी कागदात बांधून खिशात टाका. तिचं काम पुढे आहे.

ऊन पाठीशी घ्या आणि बसा. पहिली दहा मिनिटं काही शोधू नका.

समोर काय आहे, असं स्वतःला विचारलंत तर पहिलं उत्तर बहुधा "काही नाही" असंच येईल. राखाडी चिखल, त्यावर पाण्याच्या ओघळी, लांबवर खाडीची रेघ, तिच्यापलीकडे धुरकट डोंगर. मधे झाड नाही, झुडूप नाही, सावली नाही. मागे बांधाच्या आत भाताची कापलेली खाचरं आहेत, तिथे निदान माणसाचा हात दिसतो. इथे तोही नाही. हे "काही नाही" लगेच खोडून काढू नका. त्याला शेजारी बसू द्या. आज त्याच्याच सोबतीने लांब जायचं आहे.

आता नजर पायाशी आणा. काठ्याच्या उतारावर चिखलाला बारीक भोकं पडलेली आहेत आणि प्रत्येक भोकाभोवती मोहरीएवढ्या गोळ्या पसरल्या आहेत. खेकड्यांनी चिखल तोंडात घेतला, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतलं आणि बाकीचा गोळी करून टाकला. एखादी निवटी, चिखलातला मासा, पुढच्या परांवर रेटा देत सरकते, थांबते, टपोरे डोळे फिरवते. तुमची सावली हलली की गडप. ओल्या पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी झाक आहे, ती एकपेशीय शेवाळांची. एवढं दिसायला लागलं की नजर हळूहळू वर न्या, वीस-तीस पावलांवर.

तिथे चिखलाचेच तुकडे पळताहेत असं वाटेल. ते छोटे टिलवे आहेत. चिमणीच्या मापाचा पक्षी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, चोच आणि पाय काळे. मान खाली, पाय पळते, चोच चिखलात आत-बाहेर. थव्यात शंभरेक असतील. त्यांतला एकच निवडा आणि नजर त्याच्यावरच ठेवा. तो दुसऱ्यांत मिसळेल, हरवेल. पुन्हा एक निवडा. जपाची माळ सुटते तशी ही नजर सुटते, आणि सुटली तरी बिघडत नाही.

ज्याच्यावर तुमची नजर आहे तो गेल्या आषाढात कुठे होता?

पेणहून नाकासमोर उत्तर धरा. पेण 73 अंश रेखावृत्ताच्या अगदी लगत आहे. ते न सोडता निघालं तर वाटेत वडोदरा लागतं, जोधपूर लागतं, सरहद्दीपलीकडे इस्लामाबाद, मग पामीरचे बर्फाळ डोंगर, कझाकस्तानची गवताळ मैदानं, सायबेरियातलं ओम्स्क. तिथून पुढे सूचिपर्णी वृक्षांचं न संपणारं रान. मग झाडं ठेंगणी होतात, विरळ होतात आणि संपतात. उजवीकडे गिदान, डावीकडे यमाल हे द्वीपकल्प आणि मधे ओब नदीचं आखात. साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर झालं. टिलवे ही सरळ रेघ पकडून जातात असं नाही, त्यांच्या वाटा वळणाच्या आहेत आणि त्यांची वीण नॉर्वेच्या टोकापासून सायबेरियाच्या पार आतपर्यंत पसरलेली आहे. पण मनाला वळणं घेण्याचं कारण नाही. यमालवर उतरा.

समोर काय आहे? काही नाही. झाड नाही, सावली नाही, क्षितिज थेट जमिनीला टेकलेलं. हा टुंड्रा.

इथे उभं राहायला मनाला थोडा वेळ द्या, कारण पायाखाली जे आहे ते कोकणच्या माणसाला सहजी पटत नाही. जमिनीचा वरचा हात-दीड हात थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो. त्याखालची माती दगडासारखी गोठलेली आहे, हजारो वर्षांपासून, आणि सायबेरियात काही ठिकाणी ती शेकडो मीटर खोलवर तशीच आहे. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून बहुतेक जागी 250 मिलिमीटरही भरत नाही. पेणला जुलैतल्या एखाद्या जोरकस आठवड्यात तेवढा पडतो. पावसाच्या आकड्यावरून पाहिलं तर हे वाळवंट ठरावं. पण पाणी खाली मुरायला वाट नाही आणि वाफ व्हायला ऊब नाही, म्हणून जिथे पाहाल तिथे डबकी, दलदल, तळी. हिवाळ्यात जमीन थंडीने आकसते आणि तडकते, तडीत पाणी जाऊन गोठतं, दर वर्षी ती तड थोडी रुंदावते. वरून पाहिलं तर वैशाखात खारेपाटातल्या कोरड्या शेताला पडतात तशा भेगांची जाळी दिसते, फक्त एकेक चौकट दहा-वीस मीटरांची.

झाड इथे का नाही, याचं उत्तर एका कारणात मावत नाही. मूळ खाली घालायला जागा नाही. वाढीचा हंगाम कसाबसा पन्नास-साठ दिवसांचा. जुलैची सरासरी दहा-बारा अंशांच्या आत. वारा असा, की जमिनीपासून वीतभर वर डोकं काढलं तरी पालवी करपावी. म्हणून जे उगवतं ते जमिनीला बिलगून उगवतं. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज वाढतो, चांगला उंच होतो. त्याचे उत्तरेकडचे भाऊबंद टुंड्रात घोट्याएवढे राहतात. एखाद्याचं अंगठ्याएवढं खोड कापून वर्तुळं मोजली तर त्याचं वय पाऊणशे निघू शकतं. आपण पाय ठेवून पुढे गेलो ते गवत होतं की म्हातारं झाड, हे टुंड्रात वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता खिशातलं दगडफूल काढा. तळहातावर ठेवा. वरून राखाडी, खालून काळं, कडा कुरळ्या. नाकाशी न्या, गोड्या मसाल्याच्या वासातला तो मातकट, जरासा धुरकट धागा ओळखीचा आहे. हे फूल नाही, पान नाही, एक जीवही नाही. बुरशीने घर बांधलं आणि शेवाळाने त्यात चूल पेटवली, असा हा दोघांचा संसार. त्याला माती लागत नाही, मूळ लागत नाही. सुकलं तर मरत नाही, थांबतं; ओल मिळाली की पुन्हा सुरू. वाढीचा वेग वर्षाला काही मिलिमीटर. झाडाला जे जमलं नाही ते यांना जमलं, आणि टुंड्राच्या मैलोन्‌मैल जमिनीवर दगडफुलाच्या या गोतावळ्याचे पांढुरके गालिचे पसरले. रेनडियर हिवाळ्यात बर्फाखालून वासाने त्यांचा माग काढतात आणि खुरांनी बर्फ उकरून चरतात. यमालचे नेनेत्स लोक या रेनडियरांचे कळप घेऊन पिढ्यान्‌पिढ्या उत्तर-दक्षिण फिरत आले आहेत. कुरण एकदा चरून खाल्लं की पुन्हा पहिल्यासारखं व्हायला काही दशकं जातात, म्हणून कळप एका जागी थांबवत नाहीत. पाकळी तशीच हातात राहू द्या. वजन जाणवणार नाही.

जूनमध्ये बर्फ उतरतं. सूर्य मावळत नाही, क्षितिजाला टेकून पुन्हा वर चढतो. डबक्यांतल्या अळ्यांमधून डास आणि चिलटं इतकी उठतात की रेनडियर वाऱ्याच्या टेकाडांवर पळतात. हीच घाई साधून टिलवे येऊन पोचलेले असतात. आता ते राखाडी नसतात. पाठीवर तांबूस रंग चढलेला असतो. मॉसमध्ये वाटीएवढा खळगा, त्यात चार अंडी. छोट्या टिलव्याची मादी पुष्कळदा दोन घरटी करते: एकातली अंडी नर उबवतो, दुसऱ्यातली ती स्वतः. उन्हाळाच एवढा तोकडा, की एकामागून एक वीण काढायला सवड नाही; दोन्ही एकदम. तीन आठवड्यांच्या आसपास अंडी फुटतात.

इथे सावकाश व्हा. या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त अडवून धरणारी गोष्ट हीच आहे.

पिल्लू अंगावर लव घेऊनच बाहेर येतं. सुकलं की चालायला लागतं. त्याला कोणी भरवत नाही; पहिल्या दिवसापासून स्वतःचा डास स्वतः टिपायचा. गारठलं तर पालकाच्या पोटाखाली शिरायचं, एवढीच सोबत, आणि तीही थोडे दिवस. दोन-तीन आठवड्यांत पंखांत बळ येतं, आणि मोठी माणसं, म्हणजे मोठे पक्षी, पिल्लांची वाट न पाहता दक्षिणेला निघून जातात. श्रावणाच्या आसपास पेणच्या चिखलावर जे पहिले थवे उतरतात ते या मोठ्यांचे. पिल्लं मागे राहतात, खातात, चरबी साठवतात आणि मग एक दिवस स्वतःच निघतात. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, झाड पाहिलेलं नाही, काळोखी रात्रही जेमतेम. वाट दाखवणारं कोणी नाही. तरी ती योग्य दिशेला उडतात, आणि भाद्रपद-अश्विनात त्यांतली कितीतरी अशाच एखाद्या ओहोटीच्या चिखलावर येऊन खाली मान घालून खायला लागतात.

समोरच्या थव्यात काही अशी असतील. तुमची नजर ज्याच्यावर आहे तो कदाचित त्यांतलाच. आयुष्यातला त्याचा हा पहिला पौष.

थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे पाहा. विचार आला तर येऊ द्या, लांबवू नका.

यंदा अशी पिल्लं किती पोचली, हे बरंचसं तिकडे लेमिंग किती होते यावर ठरतं. लेमिंग म्हणजे उंदरासारखा गुबगुबीत प्राणी, टुंड्रातला, हिवाळाभर बर्फाखाली बोगदे करून मॉस आणि गवत खात जगणारा. तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या उसळते, मग कोसळते. उसळीच्या वर्षी ध्रुवीय कोल्हे, हिमघुबडं, स्कुआ पक्षी सगळ्यांची चंगळ. घुबड त्या वर्षी अंडीही जास्त घालतं. पुढच्या वर्षी लेमिंग नसतात आणि भुकेली तोंडं मात्र वाढलेली असतात. मग कोल्हा जमिनीवरच्या घरट्यांकडे वळतो. टिलव्यांसोबत आपल्याकडे बाकदार चोचीचा एक तुतवार येतो, थोडा मोठा, त्याची वीण ताइमिर द्वीपकल्पाच्या बाजूला होते. त्याचेच भाईबंद दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात, आणि तिथल्या अभ्यासकांना वर्षानुवर्षांच्या नोंदींत असं दिसलं की थव्यात पिल्लांचं प्रमाण कधी भरपूर, कधी जवळजवळ शून्य, आणि हा चढउतार ताइमिरच्या लेमिंगांशी जुळतो. ज्या उंदराला आपण जन्मात पाहणार नाही, त्याचं साल आफ्रिकेच्या चिखलावर वाचता येतं. पेणच्या चिखलावरही यायला हवं. कोणी बसून मोजलं तर.

मोजण्याची परंपरा इथून लांब नाही. धरमतर खाडीपलीकडे किहीमला पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 मध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्यांच्याच पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता, कारण पक्ष्यांबरोबर रोग प्रवास करतात का, हे तिला हवं होतं.

तेवढ्यात पाणी फिरलं असेल. ओघळींतून उलटी धार यायला लागते, आधी बोटभर, मग वीतभर. टिलवे मागे सरकतात, पण पाण्याच्या कडेलाच राहतात. टुंड्रात त्यांना चोवीस तासांचा उजेड असतो, इथे ते सूर्याला फारसं विचारत नाहीत. ओहोटी रात्री दोनला असेल तर रात्री दोनला चरतात. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाणारं हे चंद्राचं घड्याळ. एका अंगात दोन घड्याळं, आणि वर्षाचा हिशोब केला तर दुसऱ्यावर जास्त महिने. टुंड्रात ते दोन महिने असतात, वाटेवर काही आठवडे, उरलेला काळ इथे किंवा इथल्यासारख्या चिखलावर. त्यांना आपण पाहुणे म्हणतो. आठ महिने राहणारा पाहुणा कसला? माझ्या मते टुंड्राचा नकाशा काढताना पेण-रोह्याचा हा चिखल त्यात धरायला हवा. ज्या अळ्या-किड्यांवर टुंड्राचे पक्षी वर्षातले बहुतेक दिवस जगतात, त्या इथे आहेत.

आणि ते झाड नसलेल्या जागेवरून झाड नसलेल्या जागेवरच येतात. मोकळ्यावर वाढलेल्या पक्ष्याला ससाणा लांबून दिसायला हवा. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तिवरं वाचवायची जाग आली, फार चांगलं झालं. पण त्याबरोबर एक समजूत रुजली, की खाडी वाचवायची म्हणजे तिवरं वाचवायची, आणि मोकळा चिखल दिसला की तिथे रोपं लावायची. टिलव्याला तिवरांच्या गर्दीत काही करता येत नाही. किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत सजीव चिखलपट्टे सर्वांत नाजूक गटात, तिवरांच्या जोडीने आहेत. कागदाला हे ठाऊक आहे. वृक्षारोपणाचा फोटो मात्र चिखलावर छान येतो.

इथे मन एका कडवट जागी येतं, तिला टाळू नका. खारेपाटातल्या शेतकऱ्यासाठी खाडीचं पाणी म्हणजे नुकसान. उधाणात बांधाला खांड गेली, पाणी सोडायची उघाडी निकामी झाली, की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं भाताच्या कामातून जाते. तीच बुडालेली जमीन थोड्या दिवसांत पक्ष्यांनी भरून जाते. तिथे दुर्बीण लावून "काय सुंदर" म्हणणाऱ्याकडे शेताचा मालक कसा बघत असेल, हे बांधावर बसूनच समजतं. दोघांचंही खरं आहे. बाहेरकाठे धड असले तर आत भात आणि बाहेर चिखल, दोन्ही नांदतात. पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले.

तिकडे टुंड्रातही जमीन सुटते आहे. 1979 पासूनच्या नोंदी सांगतात की ध्रुवप्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. उत्तरेच्या गोठलेल्या मातीत अंदाजे दीड हजार अब्ज टन कार्बन अडकलेला आहे, आज हवेत आहे त्याच्या दुपटीच्या आसपास. यमालला 2016 च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली, जमीन वितळली आणि अँथ्रॅक्स उफाळला. दोन हजारांवर रेनडियर दगावले, एक मुलगाही गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला जास्त छळतो. ताइमिरला वीण करणारा नॉट हा पक्षी. बर्फ लवकर वितळतं, किड्यांचा बहर लवकर येऊन जातो, पिल्लांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ती लहान राहतात, चोच आखूड राहते. मग मॉरिटानियाच्या चिखलात खोल बसलेल्या शिंपल्यांपर्यंत ती चोच पोचत नाही, आणि पक्षी पहिल्या वर्षीच मरतो. उन्हाळा चुकला उत्तरेत, आणि उपासमार झाली उष्ण कटिबंधात, काही मिलिमीटरांच्या फरकाने.

हातातली दगडफुलाची पाकळी पाहा, असेल अजून. खिशात ठेवा, घरी डब्यात परत जाऊ दे.

पाणी काठ्याला लागेल तोवर बसता आलं तर उत्तम. तेव्हा चिखल बुडतो आणि सगळा थवा उठून मिठागराच्या नाहीतर शेताच्या बांधावर दाटीने बसतो, एका पायावर, चोच पिसांत खुपसून. फोटोसाठी पुढे जावंसं वाटेल, जाऊ नका. सोबत कुत्रं असेल तर धरून ठेवा, पोरं असतील तर त्यांना खाली बसवून लांबूनच दाखवा. चैत्रात पुन्हा एकदा या. पाठीवर तांबूस रंग चढायला लागलेला दिसेल. आणि या भागात राहत असाल तर भाद्रपद-अश्विनात नव्या पिसांची, स्वच्छ खवलेदार पाठीची पिल्लं वेगळी ओळखायला शिका आणि वहीत आकडा टाकत जा. मोजतानाही लांबच राहा: उधळलेला थवा प्रत्येक वेळी उडण्यात थोडी चरबी जाळतो, आणि वैशाखात उत्तरेला निघताना त्याला तीच लागते.